भिंतीआधी डोंगरातले पाणी मोजावे

प्रति,
सार्वजनिक बांधकाम विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: घाटरस्त्यांवरील सरकते उतार स्थिर करण्यापूर्वी करावयाची माती व भूजलाची तपासणी

महोदय,

उतार का सरकतो याचे उत्तर दोन गोष्टींत असते: माती नेमक्या कोणत्या पृष्ठावरून घसरते आहे आणि त्या पृष्ठावर पाण्याचा दाब किती आहे. पहिली गोष्ट ड्रिलिंगने कळते, दुसरी पावसाळाभर मोजमाप घेतल्याने. या दोन्ही हाती नसताना बांधलेली संरक्षक भिंत टिकली, तर तो योगायोग समजावा. घाटरस्त्यांवर मात्र क्रम पुष्कळदा उलटा असतो. जुलैमध्ये उतार खचतो, जेसीबी लावून रस्ता मोकळा होतो, दिवाळीनंतर भिंतीचे अंदाजपत्रक तयार होते, मेअखेर भिंत उभी राहते आणि पुढच्या जुलैत तिची परीक्षा होते. डोंगराच्या पोटात काय आहे हे पाहायला या वर्षभरात कोणाला सवड मिळत नाही. ही तपासणी कोणत्या क्रमाने व्हावी, तिच्यात कुठे चुका होतात आणि विभागाच्या कामकाजात तिला कुठे जागा मिळावी, एवढाच या पत्राचा विषय आहे.

दरड म्हणून नोंदल्या जाणाऱ्या घटना एका जातीच्या नसतात. उभ्या कड्यावरून सुटा धोंडा निखळतो, ही एक जात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ जुलै २०१५ मध्ये असे धोंडे वाहनांवर पडून जीव गेले आणि त्यानंतर कड्याला पोलादी जाळ्या बसल्या. तिथे जाळी हा योग्य उपाय आहे. दुसरी जात अतिवृष्टीत बघता बघता चिखल-दगडांचा लोट होऊन खाली येणाऱ्या उताराची: माळीण (३० जुलै २०१४, १५१ मृत्यू), तळिये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३). असा लोट थोपवील अशी भिंत कोणत्याच खात्याच्या आवाक्यात नसते. तिथली तपासणी वस्ती कुठून हलवावी आणि इशारा कधी द्यावा हे ठरवण्यासाठी. तिसरी जात बातम्यांत सर्वांत कमी येते. जाड मातीचा उतार दर पावसाळ्यात काही सेंटिमीटर, कधी मीटर-दोन मीटर सरकतो. रस्त्याची कड खचते, मोरी वाकडी होते, कठड्याची रांग बाहेर झुकते. स्थिर करता येतो तो मुख्यतः हाच उतार, आणि भिंतीमागून भिंत गिळतो तोही हाच. अशा उताराला जाळी ठोकणे म्हणजे निव्वळ खर्च, कारण जाळीचे खिळे सरकणाऱ्या मातीतच रोवलेले असतात.

सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर. प्रत्येक थराचा खालचा भाग बहुधा काळ्या कठीण पाषाणाचा, वरचा पोकळ्यांनी भरलेला मऊ मांजऱ्या, आणि दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातीची पातळ पट्टी. पावसाचे पाणी कठीण पाषाणाच्या भेगांतून आणि मांजऱ्यातून खाली झिरपते, तांबड्या पट्टीशी अडते आणि आडवे वळून डोंगराच्या अंगावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. जिथे हे थर टप्प्यांसारखे पुढे येतात, तिथे वरून ढासळलेले धोंडे, मुरूम आणि चिकणमाती यांचा ढीग हजारो वर्षे साचत आला आहे. त्या ढिगाऱ्यावरच वाड्या वसल्या, कारण झरा जवळ होता. तिथेच भातखाचरे झाली, कारण माती जाड होती. आणि तिथूनच रस्ताही काढला गेला, कारण खोदकाम स्वस्त होते. कोकणातल्या सड्यांवर रचना वेगळी, पण पाण्याची चाल तीच. जांभा पाणी सहज आत घेतो, त्याच्या खालची पांढुरकी-तांबूस गुळगुळीत लिथोमार्ज माती ते अडवते, आणि दोघांच्या सांध्यावर पाझर फुटतात. रस्त्याच्या खोदाईने नेमका हा सांधा उघडा पडला की वरचा जांभा धोंड्या-धोंड्यांनी सुटू लागतो.

पाण्याने माती निसरडी होते म्हणून ती घसरते, ही समजूत पुष्कळ ठिकाणी, तांत्रिक अहवालांतसुद्धा, आढळते. खरे कारण वेगळे आहे. कार्ल तेर्झागी यांनी १९२०च्या दशकात मांडलेल्या तत्त्वानुसार पाण्याने भरलेल्या मातीत वरचे सगळे वजन कणांवर येत नाही. त्यातला काही भार कणांमधले पाणी पेलते. पाण्याला घर्षण नसते. म्हणून एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा केल्यावर जे उरते, तेवढ्याच्याच प्रमाणात माती घसरणीला विरोध करते. पाण्याची पातळी चढली की डोंगराचे वजन घटत नाही, त्याची पकड घटते.

हिशेबापुरता एक उतार घ्यावा. ढाळ २२ अंश, सरकणाऱ्या मातीची उभी जाडी ६ मीटर, मातीचा घर्षणकोन २८ अंश, चिकटपणा शून्य, घनता दर घनमीटरला १.९४ टन, आणि भूजल उताराला समांतर वाहणारे. उतार कोरडा असताना विरोध करणारे बल ढकलणाऱ्या बलाच्या १.३२ पट भरते, म्हणजे सुरक्षा गुणांक १.३२. पाणी घसरण-पृष्ठाच्या वर २.८ मीटरपर्यंत चढले की गुणांक १ होतो आणि उतार सुटण्याच्या बेतात येतो. पाणी थेट जमिनीपर्यंत आले तर तो ०.६४ इतका खाली जाईल, पण तोवर उतार जागेवर राहिलेलाच नसेल. आता २.८ मीटरवरची पातळी फक्त एक मीटरने उतरवली, तर गुणांक १.११ होतो. म्हणजे पकड ११ टक्क्यांनी वाढली. हेच काम भिंतीकडून करून घ्यायचे तर? उताराची लांबी ८० मीटर धरली, तर रुंदीच्या दर मीटरमागे सरकणाऱ्या मातीचे वजन सुमारे ८६० टन आणि उताराच्या दिशेने तिचा रेटा सुमारे ३२० टन. त्याच्या ११ टक्के म्हणजे ३५ टन. चार मीटर उंच आणि सरासरी दीड मीटर जाड दगडी भिंतीचे वजन दर मीटरला १४ टनांच्या आसपास, आणि तळाशी तिला मिळणारा घर्षणरोध फार तर ७ टन. गरजेचा पाचवा हिस्सा. आणि तिचा पाया घसरण-पृष्ठाच्या वरच्या मातीत असेल, तर तोही नाही. ती भिंत उताराबरोबर खाली जाते आणि तेही बहुधा अखंड, एकही दगड न निखळता. असे भिंतीचे तुकडे रस्त्याखालच्या ओढ्यात पडलेले घाटांत पाहायला मिळतात.

एखाद्या बांधकाम करणाऱ्या खात्याने ही तपासणी स्वतःच्या कामाचा भाग मानावी, याला शंभर वर्षांपूर्वीचा दाखला आहे. स्वीडनच्या सरकारी रेल्वेने लोहमार्गावरच्या सततच्या भूस्खलनांमुळे १९१३ च्या अखेरीस एक आयोग नेमला. त्याचे काम चालू असतानाच १ ऑक्टोबर १९१८ रोजी येतो (Getå) या ठिकाणी रुळांखालचा भराव सरकला, गाडी त्यात सापडली आणि चाळीसहून अधिक प्रवासी दगावले. वोल्मार फेलेनियस यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाचा अंतिम अहवाल १९२२ मध्ये आला. मातीचे नमुने काढायची साधने, ठिकठिकाणी माती चाचपण्याची पद्धत, चिकणमातीची ताकद मोजण्याची चाचणी, उताराच्या स्थिरतेचा हिशेब, असे बरेच काही या एका खात्याच्या चौकशीतून उभे राहिले. भारतातही मार्गदर्शनाची वानवा नाही. भूस्खलन नियंत्रणासाठी भारतीय मानक १४६८० हे १९९९ पासून आहे, जमिनीखालच्या तपासणीसाठी १८९२ क्रमांकाचे मानक त्याहून जुने आहे. अडचण मानकांची नाही, त्यासाठी लागणारा वेळ आणि रक्कम अंदाजपत्रकात धरली जात नाही ही आहे.

तपासणीची सुरुवात कागदांपासून होते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १:५०,००० प्रमाणावर केलेले भूस्खलन-प्रवणतेचे नकाशे, जुनी हवाई छायाचित्रे आणि उपग्रहचित्रे, रस्ता बांधतानाचे आडवे छेद, आणि त्याच किलोमीटरवर आजवर किती वेळा दुरुस्ती झाली याच्या मोजमाप पुस्तकातल्या नोंदी. हे स्वस्त काम आहे आणि म्हणूनच ते टाळले जाते. टाळल्याची किंमत काय, हे वेल्समधल्या अॅबरफॅनने दाखवले. कोळशाच्या खाणीतला राडा १९५८ पासून ज्या टेकाडावर टाकला जात होता, त्या जागेवरचे झरे सरकारी नकाशात दाखवलेले होते. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी तो ढीग पाण्याने फुगून खालच्या शाळेवर आला. १४४ मृतांपैकी ११६ मुले होती. नकाशा उघडला असता तर ढीग तिथे घातलाच गेला नसता.

कागदांनंतर पायी फिरणे, आणि तेही दोनदा: एकदा भर पावसात, एकदा मार्चमध्ये. पावसात सगळीकडेच पाणी असते. मार्चमध्ये जिथे ओल आहे तिथे खरे भूजल आहे. रस्त्याच्या पन्नास मीटर खाली-वर पाहून भागत नाही. उताराच्या माथ्यावरची अर्धवर्तुळाकार भेग, पायथ्याशी आलेला फुगवटा, बुंध्याशी वाकून पुन्हा सरळ वाढलेली झाडे, भर उन्हाळ्यात हिरवा राहिलेला लव्हाळ्याचा पट्टा, गढूळ झालेला किंवा जागा बदललेला झरा, हे सगळे नकाशावर उतरवावे लागते. माथ्यावर भातखाचरे असतील तर त्यांत किती दिवस पाणी उभे असते, वाडीची नळपाणी योजनेची पाइपलाइन कुठे गळते, वरच्या वळणावरच्या मोरीचे पाणी खालच्या उतारावर मोकळे सोडले आहे का, हेही. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विभागाला पुष्कळदा अवघड वाटेल, कारण ते पाणी विभागानेच तिथे सोडलेले असते. याबाबतीत कोणत्याही सल्लागारापेक्षा मैलकुलीला जास्त माहिती असते. कोणती मोरी संक्रांतीपर्यंत वाहते, कोणत्या मोरीतून पाणी आत जाते पण दुसऱ्या तोंडाने बाहेर येत नाही, कोणत्या वर्षी कोणता दगड हलला, हे त्याला पाठ असते. पण तपासणी अहवालात त्याचे म्हणणे सहसा उतरत नाही.

माथ्यावर भेग दिसली की त्याच दिवशी तिच्या दोन्ही बाजूंना दोन खुंट्या ठोकून अंतर टेपने मोजायला सुरुवात करावी. याला निविदा लागत नाही. दोन महिन्यांचे असे आकडे आणि शेजारी लावलेल्या साध्या पर्जन्यमापकाचे आकडे एका कागदावर मांडले, तरी उतार पावसाच्या दिवशी हलतो की चार दिवस उशिरा, हे समजते. त्याच दिवशी हलत असेल तर पाणी भेगेतून थेट आत शिरते आहे; चार दिवसांनी हलत असेल तर ते दुरून, जमिनीखालून येते आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

यानंतर विंधन छिद्रे. सरकत्या उताराच्या मध्यरेषेवर माथा, मध्य आणि पायथा अशी निदान तीन छिद्रे असल्याशिवाय छेद काढता येत नाही, आणि मोठ्या उताराला बाजूंनाही घ्यावी लागतात. इथली नेहमीची फसगत धोंड्यांची आहे. ढिगाऱ्यात घराएवढे धोंडे असतात. ड्रिल आठव्या मीटरला कठीण दगडात शिरले की कातळ लागला असे लिहून छिद्र बंद केले जाते. प्रत्यक्षात तो दोन मीटर जाडीचा धोंडा असतो आणि त्याच्याखाली पुन्हा माती असते. म्हणून कठीण दगड लागल्यावरही निदान पाच मीटर पुढे जावे, आणि शेजारच्या छिद्रांशी ताळा लागेपर्यंत कातळ हा शब्द वापरू नये. चाचणी हातोड्याच्या ठोक्यांचे आकडेही अशा ढिगाऱ्यात दगडामुळे फुगतात. त्यांच्यावरून मातीची ताकद काढणे धोक्याचे असते.

तपासणीतली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे कोअर बॉक्स, लाकडी खणांच्या पेटीत खोलीनुसार मांडलेले नमुने. ती उघडली की नजर साहजिकच अखंड, गुळगुळीत पाषाणाच्या दांड्यांवर जाते. पाहायचे असते ते रिकाम्या जागेकडे. साडेअकरा ते बारा मीटरमधला अर्धा मीटर नमुना मिळाला नाही, पाण्याबरोबर धुऊन गेला, अशी चिठ्ठी तिथे असते. घसरण-पृष्ठ बहुतेक वेळा याच अर्ध्या मीटरमध्ये असते, कारण ते सर्वांत मऊ असते आणि सर्वांत आधी धुऊन जाते. दुहेरी किंवा तिहेरी नळीचे बॅरल, कमी पाणी, कमी वेग आणि छोटे टप्पे वापरले तर तो थर हाती लागतो: दोन-चार सेंटिमीटर जाडीची चकचकीत चिकणमाती, सरकण्याच्या दिशेने ओरखडे उमटलेली. पण ठेकेदाराला पैसे मिळतात खोदलेल्या मीटरवर, मिळालेल्या नमुन्यावर नव्हे. मग घाई होणारच. निविदेत दर मीटरऐवजी नमुन्याच्या टक्केवारीशी जोडला, तर हे एका हंगामात सुधारेल.

ड्रिलिंग चालू असतानाच पाण्याची पहिली माहिती मिळते. रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी आणि संध्याकाळी बंद करताना छिद्रातली पातळी मोजावी, कोणत्या खोलीवर ड्रिलचे पाणी अचानक नाहीसे झाले आणि कुठे ते उलट वाढले हे लिहावे. संध्याकाळी चार मीटरवर असलेले पाणी सकाळी नऊ मीटरवर दिसले, तर वरच्या थरात अधांतरी साठलेले पाणी आहे आणि छिद्राने त्याला खाली वाट करून दिली आहे. या एका ओळीच्या नोंदीवर पुढची सगळी उपकरणे कुठे बसवायची ते ठरते. अहवालात मात्र भूजल पातळी अमुक मीटर असा एकच आकडा येतो, तोही बहुधा फेब्रुवारीतला.

डोंगरात एकच भूजल पातळी असते हे गृहीतच चुकीचे आहे. ढिगाऱ्यातले पाणी वेगळे, तांबड्या पट्टीवर अडलेले वेगळे, खालच्या मांजऱ्यातले आणखी वेगळे, आणि त्यांचे दाबही निरनिराळे. संपूर्ण लांबीभर भोके पाडलेली नळी छिद्रात सोडली तर हे सगळे पाणी तिच्यात मिसळते आणि मिळणारा आकडा कोणत्याच थराचा नसतो. इटलीत व्हायोन्त धरणाच्या डाव्या तीरावर १९६१ मध्ये नेमक्या अशाच नळ्या बसवल्या होत्या. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री तिथले सुमारे २७ कोटी घनमीटर डोंगर धरणाच्या तलावात कोसळले, लाट धरणावरून उसळली आणि खालच्या गावांतले दोन हजारांच्या आसपास लोक मेले. डोंगराच्या पोटातल्या चिकणमातीच्या पट्ट्या आणि त्यांच्याखाली कोंडलेले पाणी यांचे महत्त्व नंतरच्या अभ्यासांत पुढे आले. बिनबंद नळ्यांना ते दाखवता येण्यासारखे नव्हतेच.

म्हणून दाबमापक, म्हणजे पीझोमीटर, प्रत्येक थरात स्वतंत्र हवा. त्याचे टोक अपेक्षित घसरण-पृष्ठाच्या पातळीवर वाळूत बसवावे आणि वर-खाली बेंटोनाइट मातीने छिद्र घट्ट बंद करावे. बेंटोनाइटच्या गोळ्या फुगायला वेळ न देता वर भराव टाकला, की उपकरण कितीही महागडे असले तरी ते साधी विहीर होऊन बसते. चिकणमातीत उभ्या नळीचा पीझोमीटर मागे पडतो, कारण नळी भरण्याइतके पाणी मातीतून यायला दिवस लागतात. तिथे व्हायब्रेटिंग वायर प्रकारचे आणि तासातासाला आपोआप नोंद करणारे हवेत. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी घाटात कोणी टेप घेऊन जात नाही, आणि आठवड्याने घेतलेल्या नोंदीत तो दिवस निसटून जातो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत, पण त्यांच्या नोंदी परंपरेने जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेतल्या जातात. पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याचा हिशेब ठेवायला हे महिने योग्य आहेत. उतारासाठी जे मोजायचे ते जून ते सप्टेंबरमध्ये घडते. त्यामुळे त्या विहिरींचा आकडा भिंतीच्या आराखड्यात घालणे म्हणजे कोरड्या डोंगराचा आराखडा करणे.

कुठे सरकते आहे हे कळण्यासाठी इन्क्लिनोमीटर. चार खाचांची नळी छिद्रात बसवून तिच्यातून चाकांचे यंत्र दर अर्ध्या मीटरला तिरपेपणा मोजत वर आणले जाते. महिन्याभराने पुन्हा मोजल्यावर ज्या खोलीवर नळी वाकलेली दिसते, ते घसरण-पृष्ठ. नळीचे टोक स्थिर कातळात तीन-चार मीटर रुतलेले नसेल तर सगळ्याच नोंदी निरुपयोगी, कारण मग मोजणारा बिंदूच हलत असतो. यंत्र परवडत नसेल तिथे जुनी युक्ती चालते. साध्या पीव्हीसी नळीत मीटरभर लांबीचा सळईचा तुकडा दोरीने खाली सोडावा. तो जिथे अडकतो तिथून घसरण-पृष्ठाचा वरचा काठ कळतो. दुसरा तुकडा आधीच तळाशी ठेवून दिलेला असला, तर तो वर ओढताना जिथे अडतो तिथे खालचा काठ. अचूकता बेताची, पण पाया किती खोल न्यावा या प्रश्नाला तेवढी पुरते.

विद्युतरोधाच्या आणि भूकंप-लहरींच्या सर्वेक्षणाने दोन छिद्रांमधली जागा भरून काढता येते. ओली चिकणमाती वीज सहज वाहून नेते, कठीण पाषाण नाही, म्हणून चित्र रंगीत आणि पटणारे येते. निव्वळ त्या चित्रावर, एकही छिद्र न घेता, आराखडा करण्याचा मोह मात्र टाळावा.

प्रयोगशाळेत विचारायचा प्रश्न मोजका आहे. जी माती एकदा घसरली आहे तिची उरलेली ताकद किती? चिकणमाती पहिल्यांदा तुटताना जो विरोध करते, तो पुष्कळ सरकल्यानंतर उरत नाही. चपटे कण एका दिशेला लागतात आणि घर्षणकोन निम्म्यावरही येऊ शकतो. ए. डब्ल्यू. स्केम्प्टन यांनी १९६४ च्या रँकिन व्याख्यानात हे इंग्लंडमधल्या उतारांच्या आधारे दाखवून दिले. तेव्हा जुन्या घसरणीवर नव्या मातीची ताकद धरणे ही हिशेबातली मोठी चूक ठरते. ताकद तपासण्याचा आणखी एक, बहुधा अधिक विश्वासाचा मार्ग म्हणजे उलटा हिशेब: ज्या दिवशी उतार सरकला, त्या दिवशी गुणांक १ होता असे धरून मातीचा घर्षणकोन काढणे. पण त्यासाठी त्या दिवशीची पाण्याची पातळी माहीत असावी लागते. पीझोमीटर आधी बसलेला असेल तरच ती सापडते.

एवढे हाती आले की उपाय बहुतांशी आपोआप ठरतो. पाणी वरून भेगांत शिरत असेल तर भेगा चिकणमातीने बुजवणे, माथ्याबाहेर पक्क्या अस्तराच्या नाल्या काढणे आणि मोरीचे पाणी उताराच्या अंगावर न सोडता थेट ओढ्यापर्यंत नेणे. अस्तर नसलेली नाली सरकत्या उतारावर काढू नये; ती पाणी वाहून नेण्याऐवजी आत मुरवते. पाणी तांबड्या पट्टीवरून येत असेल तर पायथ्याकडून वरच्या दिशेला किंचित चढती आडवी छिद्रे पाडून त्यांत जाळीदार पाइप बसवणे. मात्र ती पाणी असलेल्या थरात गेली तरच वाहतात, आणि तो थर कोणत्या उंचीवर आहे हे छिद्रांच्या नोंदीवरूनच कळते. माहितीविना मारलेल्या दहा पाइपांपैकी दोन वाहिले तरी नशीब म्हणावे. पायथ्याला वजनदार दगडी भराव, तळाशी निचऱ्याचा थर ठेवून, हा भिंतीपेक्षा अनेकदा स्वस्त आणि सोसणारा उपाय असतो. गॅबियनही, म्हणजे दगड भरलेले तारेच्या जाळीचे पेटारे, थोडे वाकून टिकतात. भिंत शेवटी येते, आणि आली तर तिचा पाया घसरण-पृष्ठाच्या खाली हवा व पाठीमागे निचरा हवा. भिंतीतली वीप होल, म्हणजे पाणी बाहेर पडायची छिद्रे, तोंडाशी कोरडी आणि भिंतीवर ओल असेल, तर मागचा निचरा बुजला आहे असे समजावे.

मोठ्या कामांत पाण्याला किती महत्त्व दिले जाते, याची दोन उदाहरणे पुरेत. न्यूझीलंडमध्ये क्लाइड धरणाचा तलाव भरण्यापूर्वी क्रॉमवेल घळीतले जुने सरकते डोंगर स्थिर करण्यासाठी सुमारे १८ किलोमीटर लांबीचे बोगदे खोदले गेले. त्यांचे काम पाणी काढून टाकणे आणि पाणी मोजणे हेच. जपानमध्ये ओसाका आणि नारा यांच्या सीमेवरच्या कामेनोसे येथे १९३१-३२ मध्ये सरकलेल्या डोंगराने रेल्वेचा बोगदा मोडला आणि यामातो नदी अडवली. तिथेही निचऱ्याचे बोगदे आणि पाणी गोळा करणाऱ्या खोल विहिरी यांवर अनेक दशके काम झाले. जपानने भूस्खलन प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा १९५८ मध्ये केला. घाटातल्या एका वळणासाठी बोगदे कोणी मागत नाही. चार पीझोमीटर, तीन कोअर छिद्रे आणि एक पावसाळा एवढीच मागणी आहे.

आता कार्यपद्धती. तपासणी ही भिंतीच्या निविदेतली एक बाब असू नये. ती स्वतंत्र निविदा असावी आणि ती करणाऱ्याला पुढचे बांधकाम मिळू नये. ज्याला भिंत बांधायची आहे त्याच्या तपासणीतून भिंतच निघते. उतार खचल्यावरची तातडीची कामे, म्हणजे राडा उचलणे, भेगा झाकणे, पाणी वळवणे, वाहतूक एका बाजूने सोडणे, लगेच व्हावीत. मात्र पायथ्याचा राडा रस्ता मोकळा करण्याच्या नादात पूर्ण उचलला जाऊ नये. पुष्कळदा तोच उताराला टेकू देत असतो, आणि तो काढला की वरचा भाग आणखी सुटतो. कायमस्वरूपी बांधकामाला मान्यता देताना एका पूर्ण पावसाळ्याच्या दाब-नोंदी, घसरण-पृष्ठाची मोजलेली खोली आणि त्या दोन्हींवर आधारलेला हिशेब जोडणे बंधनकारक करावे. नोंदी नसतील तिथे आराखड्यात पाणी जमिनीपर्यंत आले आहे असे धरावे. त्याने काम महाग होईल, आणि मोजमाप स्वस्त पडते हे अंदाजपत्रकातच दिसेल. परशुराम घाटासारख्या रहदारीच्या ठिकाणी २०२२ च्या उन्हाळ्यात दिवसातले काही तास रस्ता बंद ठेवून काम करावे लागले होते. असे तास मिळतील तेव्हा ड्रिलचे यंत्र तिथे आधीच उभे असायला हवे.

काम पुरे झाल्यावर उपकरणे काढून घेऊ नयेत. निचऱ्याच्या पाइपांची तोंडे तांबड्या गाळाने आणि मुळांनी दोन-तीन वर्षांत बुजू लागतात. दर मेमध्ये ती पाण्याच्या दाबाने साफ करावीत. पावसाळ्यात प्रत्येक पाइपाखाली बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते आठवड्यातून एकदा लिहिणे मैलकुलीला सहज जमण्यासारखे आहे. पाऊस तेवढाच असताना प्रवाह घटला आणि पीझोमीटर चढला, तर पाइप बुजला. दोन्ही घटले, तर निचरा काम करतो आहे. इन्क्लिनोमीटर निदान तीन पावसाळे वाचावा आणि त्यानंतरच उतार स्थिर झाल्याचा दाखला द्यावा. कोअर बॉक्स उपविभागाच्या गोदामात क्रमांक घालून जपावेत. छिद्रांचे छेद, दाबाच्या नोंदी आणि पावसाचे आकडे घाटाच्या किलोमीटरनुसार एका ठिकाणी खुले ठेवावेत, म्हणजे शाखा अभियंत्याची बदली झाली तरी त्याच वळणावर पुन्हा ड्रिल करण्याआधी मागचे छिद्र कुठे होते आणि त्यात ऑगस्टमध्ये पाणी किती मीटरवर होते, हे नव्या अभियंत्याला पाहता येईल.

प्रत माहितीसाठी: भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, पुणे